शेऱ्याचा रकाना

वेंगुर्ला बंदरात लिलावाच्या काट्यावर
सकाळी सुरमई तोलली, दुपारी मुली.
महिला खुला गट, पासष्ट किलोच्या आत.
खवल्यांनी तवा चिकट, म्हणून पायाखाली जुनं वर्तमानपत्र.
वैजयंती गिरप, एकसष्ट.
काट्याचा काटा थांबला.
माणसं थांबली नाहीत.

शिट्टी माझ्या गळ्यात, म्हणून प्रश्न माझ्याकडे.
चोवीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवते.
हिला सातवीत मुलांच्या रांगेत मीच उभी केली होती.
तेव्हाचं नाव मला हजेरीच्या सुरासकट पाठ आहे
आणि मी ते इथे घेणार नाही.

जिल्ह्याहून आलेल्या नियमपुस्तकात
नखं कापण्याला एक अख्खं कलम आहे.
अंगाला तेल चोळू नये, हेही आहे.
हिच्याविषयी ओळ नाही.

कमिटीतले एकजण म्हणाले,
कबड्डी म्हणजे एका दमात पलीकडे जाणं
आणि परत येणं, बाई. ही तर गेली ती गेलीच.
लोक हसले.
मी म्हटलं, पंचासमोर उपमा देऊ नका.

दुसरे म्हणाले, जत्रेत रात्रभर लुगडं नेसून
राधा होतो तो, त्याला आपण नमस्कार करतो.
प्रमिला खवणेकर घोट्याला टेप गुंडाळत होती.
'नाटक रातचा,' ती म्हणाली.
'नाटकात कोणाची बरगडी मोडत नाय.'

तिला मी गप्प कशी करू?
अकरा वर्षं हाफपँटवर गाऊन घालून ही मैदानावर आली,
सुरूच्या झाडाला गाऊन टांगून खेळली,
परत गाऊन घालून मासे विकायला बसली.
पोलीस भरतीत खेळाडूंची एक जागा होती,
दोन मार्कांनी गेली.
ते दोन मार्क तिला घराच्या पत्त्यासारखे ठाऊक आहेत.
तिच्या बोलण्यात द्वेष नव्हता. हिशेब होता.

आणि वैजयंती वाळूत उकिडवी,
पणजीच्या डॉक्टरची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत.
तीन वर्षांचे रक्तातले आकडे,
कोणी मागितले तर असावेत म्हणून.
कोणी मागितले नाहीत. सगळे खांदे बघत होते.
वल्ह्याचे खांदे. तिच्या आईचेही तसेच आहेत.

मी म्हटलं, खेळेल.
मी न्याय केला असं कोणी समजू नये.
साडेचार वाजले होते, वाऱ्याने फक्की उडत होती.

शेवटच्या चढाईला एका गुणाचा फरक.
वैजयंती निदान रेषा ओलांडून आत,
डाव्या कोपऱ्यातून प्रमिलाने घोटा धरला,
तिघी वरून कोसळल्या.
वाळूचा एक ढीग, त्यातून बाहेर एक हात,
मध्यरेषेपासून वीतभर.
शिट्टी.

काय टाळ्या पडल्या! दोघींनाही.
बघा, उगाच घाबरलो, आपल्या पोरींनी धरली की!
कोणी तिला सोडा पाजला, कोणी ताई म्हणालं.
हरली, म्हणून त्या संध्याकाळपुरती ती आमची झाली.
जिंकली असती तर?
हा प्रश्न कोणी भजीच्या गाडीपर्यंतसुद्धा नेला नाही.

फक्त प्रमिला आली, केसांत वाळू तशीच.
'बाई, तुमी जवळ होतास.
तिना पाय सैल सोडल्यान?
माका फुकटचो गुण नको.'
नळाखाली पाय धरून वैजयंती, मान वर न करता:
'दम सरलो, बाई. आणि काय.'

रात्री गुणपत्रक भरते आहे.
तो हात समोरून हलत नाही.
बोटं मिटलेली होती.
रेषा नको असलेल्या माणसाची मूठ ती,
की चौघींच्या ओझ्याखाली वळलेली?
मी दोन फुटांवर होते.
चढाई बाद, पकडीला एक गुण, हे लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकलंय
तेवढ्यात फोन.

'आयतवारी सकाळी परत खेळतलव. तिका सांगलंय.
टाळये वाजवणारे नको.
तुमी फक्त फक्की घेवन येवा.'